सगळ्यांना विचारून ठरवू

माझ्या साडूंकडे सूर्य उगवण्याचं खातं दिलं असतं, तर पृथ्वीवर अजून अंधार असता. कुठल्या बाजूने उगवावं याबद्दल पूर्वेचं म्हणणं ऐकून झालं असतं, पश्चिमेला कळवायचं राहिलं म्हणून मुदत वाढवली असती, आणि एवढ्यात घुबडांनी ‘आम्हाला कोणी विचारलंच नाही’ अशी तक्रार केली असती, तर साडूंनी ती हात जोडून स्वीकारून सगळं पहिल्यापासून सुरू केलं असतं. हे मी रागाने म्हणतोय असं वाटेल. रागानेच म्हणतोय. पण सगळ्या खानदानात या माणसाबद्दल वाईट बोलणारा मी एकटाच आहे, तेव्हा ते काम मला नीट करायला हवं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते मला ‘पाहुणे’ म्हणतात, मी त्यांच्या घरी असलो तरी आणि ते माझ्या घरी असले तरी. आमच्यासारखेच न्यूझीलंडमध्ये राहतात, जॉन्सनव्हिलला, नोकरी कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत. तिथे त्यांचं काम काय, हे कळायला मला दोन वर्षं लागली. रस्त्यावरचं बाक इकडून तिकडे हलवायचं असलं, की आजूबाजूच्या लोकांना ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारायचं, हे त्यांचं काम. बाक हलवायला वेगळा माणूस असतो. या विचारण्याचा त्यांना पगार मिळतो, आणि माझ्यासारखा माणूस कराच्या रूपाने तो देतो. माझा धंदा टायरचा, हॅमिल्टनला. विद्यार्थी म्हणून आलो, दुसऱ्याच्या गॅरेजातली फरशी पुसली, आज माझी स्वतःची जागा आहे. माणूस बसलेलं चाक घेऊन येतो, मी भाव सांगतो, तो कुरकुरतो, मी थोडा उतरतो, तो जिंकल्यासारखा हसतो, आणि गाडी जाते. कोणाचं काय मत होतं हे कोणी विचारत नाही. गाडी जाते, एवढंच बघायचं असतं.

साडूंना सोफा घ्यायचा होता तेव्हाची गोष्ट. त्यांनी रंगाबद्दल सगळ्या नातेवाइकांची मतं मागवली. देहूरोडला राहणाऱ्या आमच्या सासऱ्यांचीही, जे त्या सोफ्यावर जन्मात बसणार नव्हते. मतं आली, त्यांवर विचार झाला, विचारावर पुन्हा मतं आली. तोवर ते दुकानच बंद पडलं. साडू पुढचे दोन हिवाळे जमिनीवर गादी टाकून बसले आणि वर म्हणाले, “पाहुणे, पण कोणाच्या मनाविरुद्ध काही झालं नाही.” घासाघीस तर त्यांना जमतच नाही. एकदा माझ्याकडे आले असताना शेजारच्या गल्लीत कोणी गवत कापायचं जुनं यंत्र विकायला काढलं होतं. मी त्याला निम्म्यावर आणून ठेवला होता. अजून थोडा पडला असता. तेवढ्यात साडू पुढे झाले आणि त्या गोऱ्याला विचारते झाले, की एवढ्यात तुम्हाला परवडतंय ना? त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नावर विचार केला आणि नाही म्हणाला. दुसऱ्या एका खेपेला मी गिऱ्हाइकात गुंतलेलो पाहून ते माझ्या कामगारांशी गप्पा मारत बसले. आठवड्याने माझ्याच दुकानात सूचनांची पेटी लागली होती. पहिली सूचना माझ्या ओरडण्याबद्दल होती. दुसरीही.

तर पंधरा साली या माणसाने थायलंडची सहल आखायला घेतली.

कारण असं झालं, की अण्णांची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची, नजर चालली होती. एक डोळा काचबिंदूने आधीच नेला होता. दुसऱ्यातही तोच होता, वर मोतीबिंदू. मोतीबिंदू काढला की काही काळ बरं दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अण्णांनी जन्मभर कारखान्यात नोकरी केली आणि कोणाकडे काही मागितलं नाही. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, “एकदा तथागताला पाहायचंय. तो उघड्या आभाळाखाली आडवा झोपलेला. आपल्या क्वार्टरमध्ये कॅलेंडर होतं बघा, त्यावरचा. दिसतंय तोवर.” ती मूर्ती बँकॉकच्या वर अयुथयाला आहे. न्यूझीलंडला ते पूर्वी एकदा येऊन गेले होते आणि ‘देश छान आहे, माणसं कुठे ठेवलीत?’ असं विचारून परत गेले होते. तेव्हा ठरलं, की अण्णा आणि सासूबाईंनी पुण्याहून यावं, आम्ही दोन्ही कुटुंबांनी इकडून जावं, आणि एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत मध्येच थायलंडला भेटावं.

ठरल्या दिवशीच मी कामाला लागलो. माझ्याकडे टायर बदलायला एक थाई हॉटेलवाले येतात, त्यांनी बँकॉकच्या एका गाइडबाईंचा नंबर दिला. पिम त्यांचं नाव. स्वतःची व्हॅन, ठरलेला ड्रायव्हर, फक्त आपल्याच कुटुंबाला घेऊन हिंडवणार. मी दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला. बाई माझ्याच शाळेत शिकलेल्या निघाल्या. भाव सांगून गोड हसायच्या आणि गप्प बसायच्या. गप्प बसणाऱ्याशी घासाघीस करणं किती अवघड असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. शेवटी आम्ही दोघंही थोडे दुखावलो, म्हणजे सौदा चोख झाला. बारा एप्रिल, सकाळी लवकर निघायचं, थेट अयुथया, अण्णांनी तथागत पाहायचा, दुपारच्या उन्हाआधी परत. बारा एवढ्यासाठी, की तेरापासून त्यांच्या नववर्षाचा सण. तीन दिवस सगळा देश रस्त्यावर उभा राहून एकमेकांवर पाणी ओततो. हे पिमनेच सांगितलं होतं. मी फॅमिली ग्रुपवर कळवून टाकलं. सगळ्यांनी अंगठे टाकले. आणि मग जॉन्सनव्हिलहून उत्तर आलं, सुरुवातच माओरी नमस्काराने: “किया ओरा आणि जय भीम. पाहुण्यांनी फार सुंदर सुरुवात केली आहे. आपण याला पहिला मसुदा समजू या.”

मी सुरुवात केली नव्हती, मी शेवट केला होता. पण त्यानंतरचा प्रत्येक रविवार आम्ही सगळे कॉलवर बसलो. साडू सुरुवातीला प्रत्येकाला, तुम्हाला मोकळेपणाने बोलता येतंय ना, असं विचारत. माझ्या बायकोच्या ताईला तरंगता बाजार हवा होता. माझ्या लेकीला हत्ती हवे होते. त्यावर साडूंनी सांगितलं, की हत्तीवर बसण्याबाबत हत्तीचं म्हणणं कळायला मार्ग नाही, तेव्हा एकतर्फी निर्णय घेणं बरं दिसणार नाही. लेक म्हणाली, “डॅड, इज ही फॉर रिअल?” मी तिला म्हटलं, गप बस, तुझे काका आहेत ते. मग साडू अण्णांकडे वळत.

“अण्णा, तुमचं मत?”

“माझं एकच आहे. तथागत.”

“ते तर आलंच. त्याव्यतिरिक्त?”

“त्याव्यतिरिक्त काही नाही.”

“म्हणजे अण्णा सगळ्या पर्यायांना खुले आहेत,” असं साडू सांगत आणि पुढे सरकत.

पर्याय अ पासून सुरू झालेली ही सहल मार्च उजाडेपर्यंत ट वर गेली होती. तरंगत्या बाजाराला सकाळ पाहिजे, म्हणून अयुथया दुपारी गेलं. दुपारी ऊन, म्हणून दुसऱ्या दिवशी गेलं. त्या दिवशी खरेदी, म्हणून आणखी पुढे. ताईच्या सोयीने विमानाची तिकिटंच अशी निघाली, की बाराला आम्ही पोचणार संध्याकाळी. माझ्या डोळ्यांसमोर माझा सौदा असा विरघळत गेला आणि मला कोणावर ओरडताही येईना, कारण ओरडायला लागलो की साडू शांतपणे म्हणत, “पाहुणे, बोला, बोला. हे सगळं ऐकून घेणं गरजेचं आहे.” या माणसावर राग काढणं म्हणजे ओल्या कापसावर हातोडा मारणं.

मग एका रविवारी सासूबाई, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, “जयंतीच्या दिवशी दर्शन झालं तर किती छान होईल.” झालं. चौदा एप्रिल. त्या घरात चौदा एप्रिलला पांढरे कपडे घालून सकाळी विहारात जायचं, हे गेली कितीतरी वर्षं चुकलेलं नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला साक्षात तथागतासमोर उभं राहायचं म्हटल्यावर पुढे बोलणार कोण? सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले असते, पण मी हिशेबी माणूस. मी म्हटलं, “दाजी, चौदाला तिथे पाणी उडवतात.”

“त्याची आपण नोंद घेतलीय, पाहुणे.”

“नोंद घेतल्यावर माणूस भिजायचा राहतो का?”

“तुमचं विरोधी मत आदरपूर्वक नोंदवलंय.”

मी पिमला फोन केला, की ती तारीख अशक्य आहे असं तुम्हीच एकदा ठणकावून सांगा. पिम म्हणाल्या, तुमच्या भावाने मलाही विचारलं होतं. मी ‘अप टू यू, सर’ म्हटलं. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मग तुमच्या भावानेच मला विचारलं, सणाच्या दिवशी तुम्हाला घरी आईकडे जावंसं वाटत असेल ना? मी हो म्हटलं. आता सर, सुट्टी मोडून यायचं, तर मागचा भाव कसा चालेल? पंधरा वर्षं या देशात धंदा करतोय, पण समोरच्या बाजूला असा वकील फुकटात मिळालेला मी पाहिला नाही. तोही माझ्याच घरातला.

खरा घाव पुढेच होता. बाराच्या संध्याकाळी हॉटेलात पोचलो, तर अण्णा काळा चष्मा लावून बसलेले. डॉक्टर परगावी गेले म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं होतं आणि ते नुकतंच झालं होतं. अजून काही दिवस त्या डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. एकच डोळा, तोही ताजा कापलेला, आणि उद्यापासून तीन दिवस सगळा देश बादल्या भरून उभा. सोळाला सकाळी त्यांचं परतीचं विमान. बायको रडायला लागली. मी म्हटलं, “अण्णा, हे आधी सांगायचं नाही का?”

अण्णा म्हणाले, “सांगितलं असतं तर दाजींनी पुन्हा सगळ्यांना विचारलं असतं.”

हॉटेलातच थांबा, असं आम्ही सगळे म्हणालो. निदान या एका बाबतीत एकमत झालं. अण्णा म्हणाले, “एसीत बसायला मी देहूरोडहून आलो का?” आणि चौदाच्या सकाळी पांढरा सदरा, पांढरी पँट घालून सगळ्यांच्या आधी खाली उभे राहिले. साडूंनी माझ्या लेकीच्या टॉग्जच्या, म्हणजे पोहायच्या कपड्यांच्या, पिशवीतून तिचा पोहण्याचा चष्मा काढला, तिची परवानगी घेतली, आणि तो अण्णांच्या डोळ्यांवर बसवला. चष्मा गुलाबी होता. सासूबाईंनी छत्री घेतली. असे आम्ही जयंती साजरी करायला निघालो.

बँकॉक ओलांडेपर्यंत काच वर होती म्हणून निभावलं. अयुथयाजवळ सगळंच थांबलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिंपं, पाइप, पिचकाऱ्या, टेम्पोत उभी राहिलेली अख्खी कुटुंबं, आणि गालांना पांढरी पावडर फासून नाचणारी पोरं. पिम म्हणाल्या, सर, व्हॅन पुढे जाणार नाही, इथून चालावं लागेल. तिथे माझा बांध फुटला. मी साडूंना जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बारा तारखेला आलो असतो तर या रस्त्यावर कुत्रं नसतं, हे मी बोललो. तुमच्या विचारण्यापायी आज या म्हाताऱ्याचा डोळा जाईल, हेही बोललो.  मी वाट बघत होतो, की आता म्हणतील, नोंद घेतली. म्हणाले असते तर मी त्यांना खरंच मारलं असतं.

 साडूंनी पाकीट आणि फोन बायकोकडे दिला, बूट काढले, जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवल्या आणि दार सरकवून खाली उतरले. पहिल्याच पिंपाशी जाऊन हात जोडले. आधी स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं, मग मागे व्हॅनकडे, मग पुन्हा हात जोडले, आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. त्या टोळक्यात एक आजी, तिच्या सुना, आठ-दहा पोरं. साडू एकाकडे बघून समाधान मानणारे नव्हते. त्यांनी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येकाने मान हलवली. मग त्या आजीने अण्णांना हाताने या म्हणून खूण केली, आणि हातातली बादली साडूंच्या डोक्यावर ओतली. सण होता, बादली भरलेली होती, ती कुठेतरी रिकामी व्हायलाच हवी होती.

असा तो सगळा रस्ता. पुढे साडू, त्यांच्या मागे बरंच अंतर सोडून गुलाबी चष्म्यातले अण्णा, एका बाजूला छत्री धरलेल्या सासूबाई, दुसऱ्या बाजूला मी. प्रत्येक पिंपाशी साडू थांबायचे, विचारायचे, सगळ्यांचा होकार घ्यायचे आणि अण्णांच्या वाटचं पाणी स्वतःच्या अंगावर घ्यायचे. बर्फाचं पाणी होतं, त्यांचे दात वाजत होते. तोंडाला इतकी पावडर फासली गेली, की ओळख पटेना. एका वळणावर सोंडेत पाणी भरून घेतलेला, रंगवलेला हत्ती उभा होता. माझी लेक म्हणाली, “आस्क हिम, काका.” आणि साडूंनी खरंच त्या हत्तीसमोर हात जोडले. हत्तीने त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग सगळी सोंड त्यांच्या छातीवर रिकामी केली. मी हसलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. अण्णा कोरडे होते.

मग अचानक गवताचं मोकळं मैदान लागलं, आणि तो समोर होता. विटांच्या ओट्यावर, आभाळाखाली, भगवं वस्त्र पांघरून, हातावर डोकं टेकून आडवा.  अण्णांनी गुलाबी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि पायांपासून डोक्याकडे हळूहळू चालत गेले, आणि परत डोक्यापासून पायांकडे आले. सासूबाईंनी हलक्या आवाजात त्रिशरण म्हटलं. साडू लांब उभे होते, आपल्या अंगावरचं पाणी कोणावर उडेल म्हणून. पिमने बाटलीतलं फुलं टाकलेलं पाणी काढलं आणि अण्णांना ओंजळ पुढे करायला सांगितली. त्यांच्याकडे या सणाला थोरांच्या हातांवर पाणी घालून आशीर्वाद मागतात. त्यांनी घातलं, मग मुलींनी, मग नातवंडांनी. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो, आणि अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, “जावईबापू, तुमची बारा तारीखच बरी होती. पण त्यांना सांगू नका.”

नाही सांगितलं. सांगायची संधी अनेकदा आली. आमच्या घरात कोणीही ती सहल आठवली, की दाजी कसे भिजले हेच सांगतात. व्हॅन कोणी ठरवली, पिमला कोणी शोधलं, बारा तारीख कोण म्हणत होतं, यातलं कोणाला काही आठवत नाही.

अण्णांचा तो डोळा सतराच्या अखेरीला गेला. पाण्याने नाही. काचबिंदू त्याच्या वेळेने जाणारच होता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. आता ते दिवसभर पलंगावर रेडिओ ऐकतात आणि रविवारी फोनची वाट बघतात. मी खुशाली विचारतो, औषधं विचारतो, आणि मग माझ्याजवळ बोलायला काही उरत नाही. मग अण्णा म्हणतात, दाजी आहेत का लाइनवर? आणि साडू सुरू होतात. त्या चौदा तारखेचं वर्णन. कुठलं पिंप कुठल्या रंगाचं होतं, आजीच्या सुनेने कानात काय घातलं होतं, तथागताच्या पायांच्या तळव्यांवर ऊन कसं पडलं होतं. मध्येच थांबून ते अण्णांना विचारतात, तुम्हाला कसं आठवतंय? अण्णा सांगतात, तर साडू आपलं म्हणणं बदलून त्यांचं घेतात. यात तासभर जातो.

गेल्या रविवारी अण्णांनी विचारलं, परत येताना शेतात ते बगळे बसले होते, ते कुठल्या बाजूला होते?

“डावीकडे, अण्णा,” साडू म्हणाले. “पूर्ण शेत पांढरं झालं होतं. आपली व्हॅन गेली तशी सगळे एकदम उडाले.”

“उडाले, हो ना?” अण्णा म्हणाले. “मी पाहिलं होतं ते.”

परत येताना डावीकडच्या खिडकीशी मी बसलो होतो. दिवस मावळेपर्यंत मी बाहेरच बघत होतो, कारण मला कोणाशी बोलायचं नव्हतं. शेतं होती, विजेचे खांब होते, एक पेट्रोल पंप होता. बगळा एकही नव्हता.

“पाहुणे, तुम्ही पण पाहिले ना?” साडूंनी विचारलं. त्यांना सगळ्यांना विचारल्याशिवाय राहवत नाही.

मी म्हटलं, “हो. खूप होते.”